रोवणीनंतरचा वर्ग

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचं पाणी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या बांध्यांना मिळतं. धानावर चालणाऱ्या इथल्या अनेक घरांत कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी ही त्या घरातली पहिलीच असते. अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे अशा मुलांना सांगणारं माणूस गेल्या पस्तीसेक वर्षांत कोण होतं?

या कामाची नीट व्यवस्था लावली ती यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. १९८९ साली नाशिकला हे विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा राम ताकवले पहिले कुलगुरू होते. पुस्तकं अशी लिहिली, की शिक्षक समोर नसतानाही वाचता यावीत. तरीही अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणारे समंत्रक नेमले. पुस्तक पाठवून काम भागत नाही, ही जाण त्यात होती, आणि तिचं मोल मला फार वाटतं.

नियमित कॉलेजांत मात्र ही मदत आली ती उपचारात्मक वर्गाच्या रूपाने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निधीतून मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी जादा तास झाले. हेतू चांगला होता. पण बहुतेकदा तोच धडा पुन्हा शिकवला गेला. अडचण धड्याची नव्हतीच. ‘चर्चा करा’ आणि ‘टीप लिहा’ यांत फरक काय, हे कुणी बसून दाखवलेलं नसतं. मग दोन्ही प्रश्नांना गाईडमधलं एकच उत्तर उतरतं. घरी झाडीबोली, पेपरात प्रमाण मराठी, पुढे एम.ए.ला इंग्रजी संदर्भ. या प्रत्येक पायरीवर कुणीतरी सोबत लागतं. उत्तराचा एक परिच्छेद घेऊन शेजारी बसलं, मुद्दा कुठे सुरू झाला आणि कुठे सुटला हे पेन्सिलीने दाखवलं, तर अर्ध्या तासात पोरगी स्वतःचं वाक्य लिहायला लागते.

पुढे कॉलेजांच्या नॅक मूल्यांकनामुळे प्रत्येक प्राध्यापकाकडे मेंटी, म्हणजे मार्गदर्शनासाठी नेमून दिलेले विद्यार्थी, आले. शिकवणं, परीक्षा, अहवाल सांभाळून हे काम करायचं, म्हणून ते पुष्कळदा फायलीतच उरलं. विद्यापीठांच्या बाहेर, राजू केंद्रे यांच्या एकलव्य संस्थेने विदर्भातल्या पहिल्या पिढीच्या मुलांसोबत बसून नामांकित संस्थांचे अर्ज, निबंध, मुलाखती यांची तयारी करून घेतली. अशी सोबत मिळाली की ही मुलं कुठवर जातात, हे त्यातून दिसलं.

२०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ हा ओळखवर्ग आणला. तो सत्राच्या सुरुवातीला होतो. आमच्याकडे नेमक्या त्याच दिवसांत धानाची रोवणी असते. पोरं चिखलात, ओळखवर्ग कॉलेजात. हे सगळं पाहता तालुक्याच्या कॉलेजात अभ्यास-मार्गदर्शकाचं पूर्णवेळ पद हवंच. त्याचे पहिले तास रोवणी उरकल्यावर लागावेत, आणि नापासांची यादी येण्याआधी संपावेत.