वाटणीच्या खुणा : राष्ट्रीय संग्रहालयातील काही वस्तू व त्यांचे वाचन

संग्रहालयात मांडलेली वस्तू पाहताना ती पूर्ण आहे, असे आपण गृहीत धरतो. काचेच्या पेटीमागे ठेवलेली मूर्ती, मुद्रा किंवा हार आपल्याला एका प्राचीन जगाचे अखंड दर्शन घडवीत आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात संग्रहालयातील बहुसंख्य वस्तू तुटलेल्या, विलग झालेल्या वा वाटून घेतलेल्या असतात. कालौघात होणारी मोडतोड अटळ असते. माणसाने विचारपूर्वक केलेली वाटणी मात्र तशी नसते. तिला एखादे तत्त्व असते, तिच्या मागे कागदपत्रे असतात आणि तिचे परिणाम दीर्घकाळ टिकतात. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या संदर्भात अशा तीन वाटण्यांचा विचार करणे आणि त्यांच्या आधारे वस्तू कशी वाचावी हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संग्रहाची जडणघडण

राष्ट्रीय संग्रहालयाची कल्पना स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. सर मॉरिस ग्वायर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये तिची रूपरेषा मांडली. तिला मूर्त रूप येण्यास मात्र एक प्रदर्शन निमित्त झाले. १९४७–४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीत भारतीय उपखंडातील कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. नव्याने अस्तित्वात आलेल्या भारत व पाकिस्तान या दोन्ही अधिराज्यांची नावे त्याच्या शीर्षकात होती. देशभरातील संग्रहांतून निवडून पाठविलेल्या वस्तू परत आल्यावर त्या पुन्हा विखुरण्यापूर्वी दिल्लीत मांडण्यात आल्या. त्यातूनच १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रपती भवनाच्या वास्तूत चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जनपथावरील आजच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी १२ मे १९५५ रोजी बसविली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी तिचे उद्घाटन केले. या इमारतीचे वास्तुरचनाकार गणेश बिकाजी देवळालीकर हे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीची रचनाही त्यांचीच आहे.

आज या संग्रहात दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत. त्यांचा कालपट सुमारे पाच हजार वर्षांचा आहे. परंतु हा संग्रह एका हाताने, एका योजनेने जमविलेला नाही. उत्खनने, खरेदी, देणग्या, जुन्या संग्रहांचे विलीनीकरण आणि वाटण्या अशा अनेक वाटांनी तो घडला आहे.

२. खर्चाच्या प्रमाणात वाटणी : मध्य आशियाचा संग्रह

पहिले उदाहरण सर ऑरेल स्टाइन यांच्या मध्य आशियातील मोहिमांचे. १९००–०१, १९०६–०८ आणि १९१३–१६ या काळात स्टाइन यांनी तक्लामकान वाळवंटाच्या कडेने असलेली प्राचीन स्थळे धुंडाळली. भित्तिचित्रे, रेशमी पटचित्रे, लाकडी वस्तू, नाणी, वस्त्रे, हस्तलिखिते अशी विपुल सामग्री त्यांनी गोळा केली. दुसऱ्या मोहिमेचा खर्च भारत सरकार व ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून उचलला होता. त्यामुळे प्राप्त वस्तूंची वाटणीही त्याच प्रमाणात ठरली : साधारणपणे तीन-पंचमांश भाग भारत सरकारकडे, तर दोन-पंचमांश ब्रिटिश म्युझियमकडे. भारताच्या वाट्याचा मोठा अंश आज राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

येथे वाटणीचे तत्त्व भांडवलाचे आहे. ज्याने जितका पैसा घातला त्याला तितका वाटा, हा व्यापारी भागीदारीचा न्याय झाला. ज्या भूमीतून वस्तू निघाल्या त्या भूमीतील लोकांचा या हिशेबात कोठेही समावेश नव्हता. परिणामी, दुनहुआंगच्या एकाच गुहेतून निघालेली चित्रे आज दिल्ली व लंडन अशा दोन ठिकाणी आहेत आणि त्यांचा एकत्रित अभ्यास करू इच्छिणाऱ्यास दोन्हीकडील सूची शेजारी ठेवूनच काम करावे लागते.

३. भूमीच्या तत्त्वाने वाटणी : मोहेंजोदडोचा हार

दुसरे उदाहरण अधिक परिचित आणि अधिक क्लेशदायक आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात घरांमध्ये धातूच्या भांड्यांत भरून पुरून ठेवलेले दागिन्यांचे साठे मिळाले. त्यांतील एका चांदीच्या भांड्याला कापसाच्या वस्त्राचा तुकडा चिकटलेला आढळला. त्याची तपासणी मुंबईतील भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या प्रयोगशाळेत झाली आणि सिंधू संस्कृतीतील लोक कापूस वापरीत होते हे सिद्ध झाले. या साठ्यांतील दोन अलंकार विशेष उल्लेखनीय आहेत. एक म्हणजे हिरवट दगडाचे लांबट मणी, सोन्याच्या चकत्या आणि अकीक व जास्पर यांची लोंबती पदके असलेला हार. दुसरा म्हणजे तांबड्या अकिकाच्या, म्हणजे कार्नेलियनच्या, लांब मण्यांची मेखला.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा मोहेंजोदडो हे स्थळ पाकिस्तानात गेले, परंतु तेथील वस्तूंचा मोठा भाग त्या वेळी दिल्लीत होता. वस्तू जेथे आहे तेथील की जेथून निघाली तेथील, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी मोहेंजोदडोची सामग्री दोन्ही देशांनी समसमान वाटून घ्यावी असे ठरले. मुद्रा, भांडी, मृण्मूर्ती अशा अनेक संख्येने असलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे शक्य होते. परंतु जी वस्तू एकच होती तिचे काय करावयाचे? त्यावर काढलेला मार्ग असा की, वर उल्लेखिलेला हार आणि मेखला सोडविण्यात आली आणि त्यांचे मणी दोन्ही देशांनी वाटून घेतले. राष्ट्रीय संग्रहालयात आज दिसणारा हार हा मूळ हाराचा एक भाग आहे.

घराच्या वाटणीत भांडी मोजून विभागता येतात. देव्हारा मात्र दुभागता येत नाही, हे आपल्याकडील एकत्र कुटुंबांना चांगले ठाऊक होते. हार हा भांड्यांच्या जातीचा की देव्हाऱ्याच्या, हा विचार त्या वेळच्या हिशेबात बसला नाही. संख्येचा न्याय पाळला गेला, वस्तूचा पाळला गेला नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. फाळणीपूर्वीचा अखंड हारही काही अंशी पुनर्रचनाच होता. चार हजारांहून अधिक वर्षे जमिनीत राहिलेल्या मण्यांचा मूळ दोरा शिल्लक नसतो. त्यामुळे मणी कोणत्या क्रमाने ओवावयाचे हे उत्खनकास तर्काने ठरवावे लागते. सर जॉन मार्शल यांनी संपादित केलेल्या मोहेंजोदडोविषयीच्या १९३१ च्या त्रिखंडात्मक ग्रंथातील छायाचित्रांत हे दागिने वाटणीपूर्वीच्या रूपात दिसतात. म्हणजे वस्तू दोन देशांत आणि तिचे पूर्ण रूप केवळ एका चित्रपृष्ठावर, अशी ही स्थिती आहे. छायाचित्र एरवी वस्तूची दुय्यम नक्कल मानले जाते. येथे तेच अखंडतेचे मुख्य साक्षी ठरते. संग्रहालयातील वस्तूंइतकेच त्यांच्या जुन्या प्रतिमांचे जतन का महत्त्वाचे आहे, हे यावरून कळून येते.

मण्यामागील श्रम लक्षात घेतले म्हणजे या वाटणीचे गांभीर्य आणखी वाढते. कार्नेलियन हा अतिशय कठीण दगड आहे. तो तापवून त्याचा तांबडा रंग गडद केला जाई, ठोकून त्याला आकार दिला जाई आणि नंतर त्यास लांबीच्या दिशेने आरपार छिद्र पाडले जाई. या कामासाठी सिंधू कारागीर एका विशेष कठीण दगडाची सामते वापरीत. चान्हुदडो येथे अशी सामते मिळाली असून त्या दगडाला, उत्खनक अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून, अभ्यासकांनी ‘अर्नेस्टाइट’ असे नाव दिले आहे. जोनाथन मार्क केनॉयर प्रभृतींनी केलेल्या प्रयोगांनुसार ताशी सुमारे अडीच मिलिमीटर एवढेच छिद्र पडते. या गतीने सहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्यास चोवीस तास, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस, केवळ छिद्रासाठी लागतात. गुजरातेतील खंभात येथे अकिकाचे मणी घडविण्याची परंपरा अद्याप आहे. तेथील कारागिरांच्या कामाच्या निरीक्षणाचा या संशोधनास मोठा उपयोग झाला. ज्या मेखलेस अनेक कारागिरांचे कित्येक महिने लागले असतील, ती सोडविण्यास फार वेळ लागला नसेल.

४. नाव व प्रतिमा : ‘नर्तकी’ आणि ‘पुरोहित-राजा’

वाटणीमुळे केवळ वस्तू नव्हे, तर वस्तूंमधील संबंधही तुटतात. मोहेंजोदडोची कांस्य ‘नर्तकी’ राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुमारे १०.५ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती १९२६ मध्ये मिळाली. मेणाची प्रतिकृती घडवून तिच्यावर मातीचे आवरण द्यावयाचे, मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, या मधूच्छिष्ट पद्धतीने ती घडविली आहे. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजवा हात कमरेवर, मान किंचित उंचावलेली. ती नर्तकी होती याला कोणताही लेखी पुरावा नाही. ते नाव विसाव्या शतकातील पाहणाऱ्यांनी तिच्या पवित्र्यावरून दिले आणि ते रूढ झाले.

‘पुरोहित-राजा’ या नावाने प्रसिद्ध असलेला, शंखजिऱ्यासारख्या मृदू दगडात कोरलेला, १७.५ सेंटिमीटर उंचीचा अर्धपुतळा कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा आहे. तो उजेडात आणला काशिनाथ नारायण दीक्षित यांनी, १९२५–२६ च्या हंगामात. पंढरपूर येथे जन्मलेले दीक्षित १९३७ ते १९४४ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. या पुतळ्याचे पौरोहित्य आणि राजेपणही अनुमानितच आहे. एकाच नगरातील या दोन प्रतिमा आज दोन राष्ट्रांची प्रतीके बनल्या आहेत. २०१६ मध्ये ‘नर्तकी’ परत मिळावी यासाठी लाहोरच्या उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती. ज्या कलाकृतींची खरी नावेही आपणास ज्ञात नाहीत, त्यांच्यावर आधुनिक राष्ट्रांनी आपले नाव कोरावे, यातील विसंगती अभ्यासकाने नजरेआड करू नये.

५. ‘जादा प्रती’ची वाटणी : पिप्रावा

तिसरे उदाहरण आज उत्तर प्रदेशात असलेल्या पिप्रावा येथील स्तूपाचे. जानेवारी १८९८ मध्ये आपल्या जमीनदारीतील या स्तूपात विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांना दगडी पेटीत अस्थी, करंडक आणि शेकडो लहान रत्ने व सुवर्णपत्रे मिळाली. एका करंडकावरील ब्राह्मी लेखात शाक्य कुळातील बुद्धाच्या अवशेषांचा उल्लेख आहे. अस्थी सयामच्या राजास देण्यात आल्या. रत्नांचा मोठा भाग कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. ‘जादा प्रती’ समजून काही भाग पेपे कुटुंबाकडे राहू दिला गेला. पुढे १९७१ ते १९७७ या काळात पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे पुन्हा उत्खनन केले. त्यात मिळालेले अस्थि-अवशेष राष्ट्रीय संग्रहालयात श्रद्धेने जतन केले आहेत.

पेपे कुटुंबाकडील रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे लिलावास निघाली. भारत सरकारच्या हरकतीमुळे लिलाव पुढे ढकलला गेला आणि जुलै २०२५ मध्ये, गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने, ती रत्ने भारतात परत आली. येथे वाटणीचे तत्त्व नोंदणीकाराचे होते : एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंपैकी काही ‘जादा’ असतात. भाविकाच्या दृष्टीने मात्र अस्थींसोबत अर्पण केलेला एकही मणी जादा नसतो. तो दानाचा अंश असतो. एका शब्दाच्या निवडीतून सव्वाशे वर्षांचे विलगीकरण घडून आले.

६. समारोप

पैसा, भूमी आणि प्रत या तीन कसोट्यांवर झालेल्या या तीन वाटण्या आपापल्या काळात न्याय्य मानल्या गेल्या होत्या. तिन्हींत वस्तूची अखंडता हा निकष नव्हता, हे त्यांतील समान सूत्र होय. या वाटण्या आज मागे घेणे बहुतेक ठिकाणी शक्य नाही. शक्य आहे ते त्यांची प्रामाणिक नोंद करणे. माहितीपट्टीवर काळ, द्रव्य आणि प्राप्तिस्थान यांच्या जोडीने वस्तूचा उर्वरित भाग कोठे आहे, ती कोणत्या निर्णयाने विभागली गेली आणि तिचे प्रचलित नाव कोणी दिले, एवढे नमूद झाले तरी पाहणाऱ्याची दृष्टी बदलेल. नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉक या इमारतींत ‘युगे युगीन भारत’ हे नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली आहे. संग्रहाची नव्याने मांडणी होत असताना हा विचार होणे अगत्याचे आहे. हे लेखन भारतीय भाषांतून झाल्यास ते अधिक जणांपर्यंत पोहोचेल. मणी, मेखला, करंडक, पदक हे शब्द मराठीत आजही जिवंत आहेत.

दिल्लीतील अर्धा हार पाहताना उरलेल्या अर्ध्याची आठवण होणे, हे त्या हाराचे पूर्ण दर्शन होय. संग्रहालयाने वस्तू जपाव्यात, आणि त्या वस्तूंवर उमटलेल्या वाटणीच्या खुणाही जपाव्यात, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.