लंगडणाऱ्या कोंबडीची शुश्रूषा

लंगडणे हे कोंबडीच्या दुखण्याचे लक्षण असते; ते दुखणे पायातच असेल असे नाही. मुंबई उपनगरांतल्या गावठाणांत, कोळीवाड्यांत किंवा आरेतल्या आदिवासी पाड्यांवर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांना काच, पत्र्याची कड, मांजर, मुंगूस यांच्यापासून इजा होते. पण अंडे अडकलेली कोंबडीही पाय फाकवून चालते आणि मज्जातंतू बाधित झाले तरी पाय लुळा पडतो. म्हणून आधी तपासणी, मग उपचार.

रक्तस्राव नसेल तर अंधार पडल्यावर कोंबडी पकडावी. तेव्हा ती स्वस्थ बसलेली असते. टॉवेलात सैल गुंडाळून मांडीवर घ्यावी. पक्ष्यांना श्वासपटल नसते. छातीचे हाड हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. त्यामुळे छाती आवळली किंवा पाय धरून उलटे टांगले तर तिचा श्वास कोंडतो.

तपासणी तळव्यापासून सुरू करावी. बोटांना केस, दोरा किंवा संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा गुंडाळलेला असू शकतो. तो रुतला की रक्तपुरवठा थांबून बोट काळे पडते. बारीक कात्रीने तो वेळीच सोडवावा. पायावरचे खवले उचललेले आणि पांढुरके दिसले तर ती किडीची खरूज समजावी. तळव्याच्या मध्यावर काळी खपली आणि भोवती सूज असेल तर ते गळू असते. उंच दांडीवरून लादीवर वारंवार उडी मारल्याने किंवा ओल्या घाणीत उभे राहिल्याने तळव्याला चीर पडते आणि तीतून जंतू शिरतात. कोंबडीचा पू पातळ होऊन वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होऊन बसतो. तो दाबून निघत नाही, आणि घरी ब्लेड चालवणे धोक्याचे असते.

एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेल्या तरुण कोंबडीला मरेक्स हा विषाणुजन्य रोग असण्याची शक्यता असते. त्यावर औषध नाही. एक दिवसाच्या पिल्लाला दिलेली लस हाच बचाव.

जखम असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून रक्त थांबवावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून त्याने ती धुवावी. फिनेल लावू नये. पंखाचे खांद्याजवळचे हाड मोडून जखम उघडी पडली असेल, तर मात्र पाणी ओतू नये: ते हाड पोकळ असून फुप्फुसालगतच्या हवापिशव्यांशी जोडलेले असते. मांजराच्या दातांची भोके पिसांखाली लपतात. ती पिसे बाजूला सारून शोधावीत. पावसाळ्यात जखमेवर माश्या बसून दिवसभरात अळ्या पडू शकतात, म्हणून दिवसातून दोनदा पाहणी हवी.

जखमी कोंबडीला लगेच वेगळे ठेवावे, कारण रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या टोचतात. कोरडा भुसा पसरलेले डालगे किंवा खोके पुरते. पाणी आणि दाणे बसल्या जागी चोच पोचेल असे ठेवावेत. लंगडी कोंबडी पायापेक्षा उपासमारीनेच लवकर खंगते. छातीचे हाड हाताला धारदार लागू लागले, तर ती पुरेसे खात नाही असे समजावे.

माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. त्यांपैकीच एक असलेल्या आणि गिधाडांच्या मृत्यूंना कारणीभूत ठरलेल्या डायक्लोफेनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारतात 2006 मध्ये बंदी आली. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ नयेत.

मोडलेला पाय, गळू, अडकलेले अंडे आणि मांजराचा चावा यांसाठी पशुवैद्यच हवा. 1886 मध्ये स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उपनगरांतून लोकलने गाठता येते. अनेक कोंबड्या एकदम लुळ्या पडू वा मरू लागल्या तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे; भारतातील कुक्कुटपक्ष्यांमधला बर्ड फ्लू प्रथम फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात आढळला होता.

बरी झालेली कोंबडी खुराड्यात परत सोडण्याआधी दांडी खाली आणावी, तिच्या कडा गोल कराव्यात आणि लादीवर भुशाचा जाड, कोरडा थर द्यावा. कोंबडी संध्याकाळी, इतर कोंबड्या दांडीवर बसल्यावर सोडली तर मारामारी कमी होते.