चेलोतला लांडगा

एखाद्या घरगुती मैफलीत चेलोवादक एकटाच बसला आहे, अशी कल्पना करा. छापील कार्यक्रम नाही. श्रोत्यांनी फर्माईश करावी आणि त्याने ती धून आयत्या वेळी फुलवावी, असा मामला. साथीला पियानोही नाही. अशा वेळी धून कोणत्या पट्टीत घ्यायची हे ठरवताना त्याला आपल्या वाद्यात दडलेल्या 'लांडग्या'चा विचार करावा लागतो.

चेलोच्या चार मोकळ्या तारा सुमारे 65, 98, 147 आणि 220 हर्ट्झला लावतात. बहुतेक चेलोंत 165 ते 185 हर्ट्झच्या दरम्यानचा एखादा स्वर काही केल्या स्थिर राहत नाही. तो अडखळतो, गुरगुरतो. हाच 'वुल्फ' स्वर. नवशिक्याला वाटते, आपला हात चुकला. पण दोष हाताचा नसतो.

राळ लावलेला गज तारेला चिकटून तिला ओढतो, तार सुटते, पुन्हा चिकटते. प्रत्येक आवर्तनात असे एकदा घडले की स्वर स्वच्छ लागतो. आता तारेची वारंवारता चेलोच्या पोकळ पेटीच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, तर काय होईल? अनुनादामुळे पेटी जोराने कंप पावू लागते आणि तारेची ऊर्जा खेचून घेते. ती भरून काढायला गजाचा दाब अपुरा पडतो. तार एका आवर्तनात दोनदा सुटू लागते आणि वरच्या सप्तकातला स्वर उमटतो. त्यामुळे पेटी शांत होते, मूळ स्वर परततो, आणि पुन्हा तेच चक्र! सेकंदाला काही वेळा हे घडते. हे स्पष्टीकरण 1916 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मांडले. तेव्हा ते कलकत्त्यात सरकारी वित्त खात्यात नोकरी करत होते!

वादक पेटी गुडघ्यांत दाबून धरतात, किंवा घोडीमागच्या तारेवर रबराचे अस्तर असलेली पितळी नळी बसवतात. उत्स्फूर्त वादनात आणखी सोपी वाट असते: त्या स्वरावर रेंगाळायचेच नाही.

वर्गात हे दाखवायला आडव्या दोरीला समान लांबीचे दोन लोलक टांगा आणि एकाला झोका द्या. थोड्या वेळात तो थांबेल, दुसरा झुलू लागेल, मग उलट. (इथे गजासारखी ऊर्जा पुरवणारे कोणी नाही, हे मुलांना सांगावे.) आता एकाची लांबी बरीच कमी करा. देवाणघेवाण जवळजवळ बंद पडेल. लांडग्यापासून दूरचे स्वर स्वच्छ का लागतात, ते मुलांनाच विचारा.