बर्फाच्या नांगरातलं तेल

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे, हे नैयायिकांचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. त्यात धूर आणि अग्नी एकाच जागी, एकाच वेळी असतात. पण कारण जूनमध्ये घडलं आणि कार्य जानेवारीत दिसलं, तर? आज असं एक उदाहरण घेऊ. ते आम्हाला ग्रंथात सापडलेलं नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लेकीकडे गेलो होतो, तिथं तिच्या अंगणात सापडलं.

जावईबापूंच्या पिकअप ट्रकला पुढून स्नो-प्लाऊ जोडलेला आहे. प्लाऊ म्हणजे नांगर खरा, पण तो नांगरत काहीच नाही. आपल्याकडच्या केणीची आठवण व्हावी असं ते रुंद, वाकडं पोलादी पातं असतं, बर्फ बाजूला ढकलणारं. शेजारच्या आजोबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे, म्हणून त्यांचाही रस्ता जावईच मोकळा करत. एका पहाटे बाहेर उणे २५ अंश सेल्सियस, रात्रभर बर्फ पडलेलं, आणि पातं उचलेना. पंप नुसता कण्हत होता. आजोबांसाठी शेवटी दुसऱ्याचा प्लाऊ बोलवावा लागला. ते वेळेवर पोचले, पण थोडक्यात.

पंप जळाला असं आम्हा सर्वांचं अनुमान. पहिल्यांदा बॅटरी आणि तिच्या तारांची टोकं तपासली, कारण हा पंप ट्रकच्या बॅटरीवर चालतो आणि बॅटरी अशक्त असली तरी लक्षण हेच दिसतं. ती ठीक निघाली. मग मेकॅनिकनं टाकी उघडली. तेल ताकासारखं पांढुरकं झालेलं, आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर बर्फाचे बारीक कण. पंप धडधाकट होता, त्याला तेलच मिळत नव्हतं.

आता हे यंत्र चालतं कसं? मूळ तत्त्व पास्कलचं. हो, आपला तत्त्वज्ञ पास्कल, तोच! त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं दाखवलं, की बंद भांड्यातल्या द्रवावर लहान दट्ट्यानं दाब दिला, तर शंभरपट मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचं बळ उभं राहतं. प्लाऊमध्ये पंप तेल दाबतो, आणि ते तेल सिलिंडरमधला दांडा बाहेर ढकलून पातं उचलतं. आणखी दोन सिलिंडर पातं डावी-उजवीकडे वळवतात.

मग पाणी आलं कुठून? दांडा बाहेर सरकला की टाकीतलं तेल कमी होतं आणि तेवढी हवा आत येते. टाकी श्वास घेते म्हणा ना. त्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर दव होऊन बसते. दुसरी वाट अधिक लबाड आहे. उन्हाळ्यात प्लाऊ अंगणात पडून असतो, बाहेर राहिलेल्या चकचकीत दांड्यावर गंजाचे ठिपके पडतात, हिवाळ्यात तो खरबरीत दांडा आतबाहेर करताना रबरी सील कापतो. मग तेल बाहेर झिरपतं, पाणी आत शिरतं.

म्हणून खरी देखभाल हंगाम संपल्यावरची. दांडे जमतील तेवढे आत घ्यायचे, उघड्या भागावर ग्रीस फासायचं. वर्षातून एकदा सगळं तेल काढून जाळी धुवायची आणि कंपनीनं सांगितलेलंच, थंडीत न घट्टावणारं तेल भरायचं. जावयांनी इंजिन ऑइलची वरभर केली होती. ते अशा थंडीत काकवीसारखं होतं. पातळी बघताना पातं खाली, उचलणारा दांडा पूर्ण आत. नाहीतर कमी दिसतं म्हणून आपण जास्त ओततो, आणि पातं उतरलं की ते बाहेर सांडतं. भरल्यावर पातं चार-सहा वेळा डावी-उजवीकडे फिरवावं म्हणजे अडकलेली हवा निघते, मग पातळी पुन्हा बघावी. नळ्यांची जोडणी लावताना फडक्यानं पुसायची, एवढं साधं कामही लोक टाळतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. नळी गळते का, हे हात फिरवून कधीही बघू नका. मोटारीच्या चाकात चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड दाब असतो. इथं तो दीड-दोन हजारांवर जातो. सुईएवढ्या भोकातून उडालेली धार कातडीतून आत शिरते. दिसतं काय, तर नुसतं टोचल्यासारखं, दुखतही फारसं नाही, आणि माणूस घरी जाऊन झोपतो. आत मात्र तेल पसरत असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट जातं, कधी हातही. तेव्हा गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून. नळी सोडवण्याआधी पातं जमिनीवर टेकवायचं, दाब उतरवायचा, इंजिन बंद. आणि टोचलंच, तर जखम लहान दिसते म्हणून थांबायचं नाही. थेट इस्पितळ, आणि तिथं पहिलं वाक्य हे, की दाबाखालचं तेल आत गेलं आहे.