चालू संगणकावरील लिनक्स दुसऱ्या यंत्रावर कसे न्यावे

ज्या शाळांत लिनक्स ही कार्यप्रणाली वापरली जाते, तेथे एक संगणक मोठ्या कष्टाने सिद्ध केलेला असतो. मराठी टंकलेखन, मुलांचे पाठ, छपाईयंत्राची जोडणी, सर्व काही जेथल्या तेथे बसलेले असते. दुसरे यंत्र आले म्हणजे हाच खटाटोप पहिल्यापासून करावा काय? त्याचे कारण नाही. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्सच्या वळणावर लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा रचला. या वळणाच्या प्रणालीत मांडणीच्या नोंदीदेखील साध्या फाइलींतच असतात. फाइली नीट नेल्या की प्रणाली बहुतांशी गेलीच.

अडचण आहे ती यंत्र चालू असण्याची. समजा, आपण शाळेचे जनरल रजिस्टर उतरवून घेत आहात आणि त्याच वेळी मुख्याध्यापक त्यात नोंदी करीत आहेत. पहिले पान उतरवून आपण पुढे जाता, तोच त्या पानावर नवे नाव चढते. अखेरच्या पानावरील बेरीज मात्र त्या नावासह आपल्या प्रतीत येते. अशी प्रत सकाळचीही नव्हे आणि सायंकाळचीही नव्हे. गुणांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात, त्याची गत नेमकी अशीच होते. याच कारणास्तव संपूर्ण डिस्क सरसकट उतरवणारी डीडी ही आज्ञा चालू डिस्कवर योजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले आरसिंक हे साधन घ्यावे. नवे यंत्र पेनड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करून त्याच्या डिस्कचे विभाग पाडावेत व जाळ्यावरून जुन्याच्या फाइली ओढून घ्याव्यात. पहिली फेरी काम चालू असतानाही करता येते. मग डेटाबेस व इतर सेवा थांबवून दुसरी फेरी करावी. तीत केवळ बदललेलेच जाते, म्हणून काम थोडा वेळच अडते. मधल्या काळात पुसलेल्या फाइली नव्या बाजूसही पुसण्याचा पर्याय या फेरीत द्यावा. फाइलींचे मालक, अधिकार व वेळा जशाच्या तशा राहाव्यात. मालकांची नावे न जुळवता क्रमांकच न्यावेत, कारण पेनड्राइव्हवरील प्रणालीत तोच क्रमांक भलत्याच नावाचा असू शकतो.

प्रॉक, सिस, डेव्ह व रन या निर्देशिकांतील मजकूर वगळावा. प्रॉकमधील फाइली डिस्कवर नसतातच. गाभा त्या मागणीसरशी दाखवतो. मात्र रिकाम्या निर्देशिका नव्या यंत्रावर असल्याच पाहिजेत. जे यंत्र मुले हाताळणार, त्यावर गुणपत्रके व आधार क्रमांक जाऊ नयेत. तीही जागा वगळावी.

एवढ्याने यंत्र सुरू होणार नाही. डिस्कच्या प्रत्येक विभागास स्वतःचा ओळखक्रमांक असतो व एफएसटॅब या फाइलीत जुने क्रमांक असतात. ते बदलून ग्रब हा आरंभकर्ता नव्या डिस्कवर बसवावा लागतो. त्यानंतरचे काम अनेकदा विसरले जाते. दोन विद्यार्थ्यांना एकच दाखल क्रमांक दिल्यास जो घोटाळा होईल, तोच एका ओळखीच्या दोन यंत्रांनी होतो. यंत्राचे नाव बदलावे. जाळ्यावरील पत्ता हाताने दिलेला असल्यास तोही बदलावा, नाही तर दोन्ही यंत्रांचा संपर्क तुटत राहील. मशीन-आयडीची फाइल रिकामी केली असता पुढील आरंभी नवा क्रमांक आपोआप पडतो. एसएसएच सेवेच्या यंत्रनिहाय किल्ल्या पुसून नव्या तयार कराव्यात.

नवे यंत्र दोनदा बंद-चालू करून पाहावे, एक पान छापावे, आणि तोपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नये.