पन्नास हजार नावे आणि हळदीची पोती

कळमनुरीहून हिंगोलीच्या बाजारात हळदीची शंभर पोती न्यायची आहेत. एक पोते मोटारसायकलवर बांधायचे, हिंगोलीला उतरवायचे, परत येऊन दुसरे बांधायचे, असे कोणी करणार नाही. संगणकाकडून मात्र आपण पुष्कळदा नकळत नेमके हेच करून घेतो.

समजा, तालुक्यातल्या सर्व शाळांच्या विद्यार्थ्यांची नोंद एका डेटाबेसमध्ये आहे आणि ती यादी साध्या फाइलमध्ये उतरवून हवी आहे. गणित सोपे व्हावे म्हणून ५०,००० नोंदी धरू. डेटाबेस दूरच्या शहरातल्या संगणकावर आहे. आपली मागणी तिथे पोचून उत्तर परत यायला ०.०५ सेकंद लागतो असे माना. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच हा वेळ संपतो, म्हणून तो कोणी हिशेबात धरत नाही. शिवाय सर्व नोंदी वाचून फाइलमध्ये लिहायला एकूण १० सेकंद लागतात असे धरू.

आता एकेक विद्यार्थी स्वतंत्रपणे मागितला तर ५०,००० खेपा होतील. खेपांचाच वेळ २,५०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ४२ मिनिटे! हजार-हजारांचे गठ्ठे मागितले तर खेपा ५० आणि त्यांचा वेळ अडीच सेकंद. सारे काम साडेबारा सेकंदांत आटोपते. इथे संगणक तोच आहे आणि नोंदीही त्याच आहेत.

मग गठ्ठा दहा हजारांचा का करू नये? करून पाहा. खेपा ५, त्यांचा वेळ पाव सेकंद, एकूण सव्वादहा सेकंद. म्हणजे बचत फक्त सव्वादोन सेकंदांची, कारण वाचण्या-लिहिण्याचे १० सेकंद गठ्ठा वाढवून कमी होत नाहीत. उलट फार मोठा गठ्ठा संगणकाच्या स्मृतीत मावला नाही तर काम रखडते. विद्यार्थ्यांकडून गठ्ठ्याचा आकार आणि एकूण वेळ यांचा आलेख काढून घ्यावा. सुरुवातीला धाडकन उतरणारी आणि मग जवळजवळ आडवी होणारी ती रेषा पाहण्यासारखी असते.

आणखी एक पद्धत आहे. फाइल लिहिण्याचे काम डेटाबेसलाच सांगायचे. पोस्टग्रेसमध्ये 'कॉपी' ही आज्ञा आहे, मायएसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट इनटू आउटफाइल'. मधला प्रोग्राम प्रत्येक नोंद हातात घेऊन उलटसुलट करत बसत नाही, त्यामुळे ही पद्धत बहुधा सर्वांत वेगवान ठरते. पण तुलना करताना इथेच फसगत होते. फाइलचे नाव देऊन अशी आज्ञा दिली की फाइल तयार होते ती डेटाबेसच्या संगणकावर, आपल्या टेबलावर नव्हे. पोती गोदामातच रचून ठेवली आणि ट्रक हिंगोलीला पोचल्याचा वेळ लिहिला, असा तो प्रकार. फाइल आपल्याकडे येईपर्यंतचा वेळ धरला तरच तुलना खरी.

या वाहतुकीत आपली लिपीही वजन टाकते. 'कळमनुरी' या शब्दात काना-मात्रांची चिन्हे स्वतंत्र मोजली तर सात चिन्हे होतात. जुन्या इस्की संकेतात त्यांना ७ बाइट पुरत. आजच्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे २१ लागतात. म्हणून वाट अरुंद असेल तेव्हा फाइल आधी दाबून, 'झिप' करून, पाठवणे फायद्याचे. गावे आणि आडनावे पुन्हापुन्हा येत असल्याने ती चांगली दबते. वाट रुंद असेल तर दाबण्यातच वेळ जाऊ शकतो.

मोजणीतला दुसरा सापळा म्हणजे क्रम. पहिल्या पद्धतीने नोंदी चकतीवरून वाचल्या की त्या काही काळ स्मृतीत राहतात आणि दुसऱ्या पद्धतीला आयत्या मिळतात. दुसरी जिंकली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी क्रम उलटा करून पुन्हा मोजावे, निदान तीन-चार वेळा. दोन्ही फाइलींतल्या ओळीही मोजाव्यात. अर्धवट फाइल नेहमीच लवकर तयार होते!

आता कोणी म्हणेल, ४२ मिनिटे लागली तर लागू देत, तेवढ्यात चहा होईल. पण त्या ४२ मिनिटांत डेटाबेस थांबलेला नसतो. ऊसतोडीला गेलेल्या एका कुटुंबातली मुलगी गावी परतली आहे आणि तिचे नाव एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचे आहे असे समजा. आपला प्रोग्राम शाळावार एकेक नोंद घेत चालला आहे. नवी शाळा त्याने आधीच उरकली, जुनी अजून यायची आहे आणि नेमके मधल्या वेळेत तिचे नाव हलवले गेले. प्रोग्राम जुन्या शाळेपाशी पोचतो तेव्हा ती तिथे नसते. डेटाबेसमध्ये एक क्षणही ती गायब नव्हती, तरी फाइलमध्ये ती कुठेच नाही. शाळांचा क्रम उलटा असता तर ती दोनदा आली असती. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसला सारी यादी एकाच आज्ञेने मागितली तर तो आज्ञा सुरू झाल्या क्षणाचे चित्र पकडून ठेवतो आणि मधले बदल त्यात येऊ देत नाही. मग ती मुलगी जुन्या शाळेत दिसेल किंवा नव्या, पण एकदाच दिसेल.