शाळेच्या गच्चीवरील परसबाग : आधी स्लॅब पाहा, मग बियाणे

शहरातील शाळेत परसबाग उभी करायची म्हटले की जवळच्या शेतकऱ्याला किंवा कृषी सहायकाला बोलावले जाते. रोपे लागतात, फोटो निघतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळे वाळून जाते. लागवड पावसाकडे पाहून होते, शाळेच्या वेळापत्रकाकडे पाहून होत नाही, हे त्याचे मुख्य कारण.

त्याहून गंभीर चूक वजनाची. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १६०० ते १८०० किलो भरते. म्हणजे एक फूट खोल वाफा केला तर प्रति चौरस मीटर सुमारे ५०० किलो भार येतो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार मात्र चौरस मीटरला साधारण १५० किलोच आहे. त्यामुळे गच्चीवर शेतातली माती नेऊ नये. पालापाचोळ्याचे खत आणि कोकोपीट यांचे हलके मिश्रण वापरून कुंड्या भिंती व बीमच्या रेषेत, मध्ये मोकळी जागा सोडून ठेवाव्यात. इमारत जुनी असेल तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय एकही क्रेट वर चढवू नये.

खताची सुरुवात फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत करावी. एरवी जाळला जाणारा पाला मुलांनी गोळा करून जाळीच्या पिंपात भरावा, त्यावर शेणकाला शिंपडावा. ओलावा राखून पंधरा दिवसांनी ढीग उलटल्यास तीन-चार महिन्यांत, म्हणजे शाळा उघडताना, खत हाती येते. ढीग चांगला जमल्यास आत ५० अंशांच्या वर उष्णता तयार होते. मुलांना थर्मामीटर लावून ती रोज नोंदवू द्यावी. कुजणे म्हणजे काय हे फळ्यावर सांगावे लागत नाही.

जूनमध्ये भेंडी आणि चवळी घ्यावी. पहिली तोडणी ४५ ते ५० दिवसांत मिळते. मेथी-कोथिंबीर जोरदार पावसात सडते, ती दिवाळीच्या सुट्टीनंतर पेरावी. मेथी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात तयार होतो. मार्चच्या मध्यानंतर नवी पेरणी नको. सुट्टीत कढीपत्ता, गवती चहा अशी मोजकीच झाडे ठेवून पाण्याचे काम पहारेकऱ्याकडे आधीच ठरवून द्यावे. बाकीच्या कुंड्या रिकाम्या करून पाल्याने झाकाव्यात.

चवळीवर मावा येतोच. शाळेत रासायनिक फवारणी अजिबात नको. मावा दिसला की आठवडाभर थांबावे, ढालकिडे आले का ते मुलांनी भिंगातून पाहावे. प्रादुर्भाव वाढलाच तर शेंडे खुडून टाकावेत किंवा पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढावा. ढालकिड्याच्या अळीलाच कीड समजून चिरडणारी मोठी माणसे आपण शेतातही पाहतो.

कुंडीखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा ओतून ताटल्या घासाव्यात. डेंगीचे डास तिथेच वाढले, तर पालक पहिल्यांदा बागच बंद करायला लावतील.